९१ मूळ संख्या नाही, हे पोरीला नीट समजावायचं कसं?

मनीषनगरची_आई

नमस्कार. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो, मुलगी सहावीत आहे. परवा तिचा गणिताचा पेपर घरी आला, त्यात मूळ संख्यांना गोल करा असा प्रश्न होता न तिनी ५१, ५७, ८७ आणि ९१ ह्या चारही संख्यांना गोल करून ठेवला, चारही चूक. मी रागावले नाही, जवळ बसवून विचारलं की बाई तू तपासते कशी, तर म्हणे "मम्मी पाहूनच समजते न, ९१ दिसतेच मूळसारखी". आणि खरं सांगते, पहिल्या नजरेत मलाही ती तशीच दिसली.

ट्यूशनचे सर म्हणतात १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्या पाठ करून टाका, विषय संपला. केल्या तिनी पाठ, धडाधड म्हणून दाखवते, पण आठ दिवस गेले की ५१ न ५७ पुन्हा मधे घुसतात. आणि १०० च्या पुढची संख्या आली की मग काहीच आधार नाही. मला पाठांतर नको आहे, तिला ते समजलं पाहिजे.

आता माझंच जिथे अडते ते सांगते. भाग देऊन पाहायचा तर कुठपर्यंत? आम्हाला शाळेत अर्ध्यापर्यंत शिकवलं होतं, म्हणजे ९१ ला ४५ पर्यंत, आणि पोरगी तर २, ३, ४, ५, ६ करते न सहावर कंटाळून सोडून देते. यूट्यूबवर एकजण सांगून राहिला की वर्गमुळापर्यंतच पाहा, पण का ते काही सांगत नाही, आणि कारण माहीत नसताना मी तिला कशी सांगू की बाकीचे पाहू नको म्हणून. दुसरं म्हणजे १ मूळ का नाही, तो तर १ नी पण भागल्या जातो न स्वतःनी पण. आणि विभाजक, विभाज्य ह्यात तिचा रोज गोंधळ, १२ चे विभाजक विचारले की २४, ३६ लिहून येते.

कोणी घरी पोरांना शिकवलं असेल तर जरूर सांगा, मी रोज संध्याकाळी अर्धा तास देऊ शकते.


गणेशपेठवाला

ताई, ५१, ५७, ८७ चं तर लगेच सुटते. अंकांची बेरीज करायची. ५ न १ सहा, ५ न ७ बारा, ८ न ७ पंधरा, तिन्ही बेरजा ३ नी जातात म्हणजे ती संख्या पण ३ नी जाते. ५१ म्हणजे ३×१७, ५७ म्हणजे ३×१९, ८७ म्हणजे ३×२९. एवढी एक सवय लावा, चारातल्या तीन चुका उद्याच बंद होतील. ९१ ला ही युक्ती चालत नाही, बेरीज १० येते, तिथे ७ च लागतो. ९१ = ७×१३.


निवृत्त_मास्तर_काटोलरोड

ताई, ३२ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि ९१ वर चुकलेली पोट्टी मी दरवर्षी पाहिली, त्यात हुशार पोट्टीच जास्त. कारण ती तपासतात. संख्या सम नाही, शेवटी ० नाही ५ नाही, बेरीज ३ नी जात नाही, एवढं पाहून त्यांना वाटते झालं. आणि पाढे आठवून पाहावं तर दहाच्या घरापर्यंत ९१ कुठेच भेटत नाही, ७ चा पाढा ७० वर थांबतो. ९१ भेटते तेराच्या पाढ्यात, तेरा साती एक्क्याण्णव, आणि तेराचा पाढा आता किती घरांत म्हटल्या जातो? आमच्या आजीच्या काळी तिसापर्यंत पाढे आणि वरून पावकी, दिडकी होती, तेव्हा ९१ कोणाला मूळ वाटली नसती. म्हणून पोरीला आधी हे सांगा की बेटा तू काही मूर्खपणा केला नाही, ही संख्या लपून बसणारी आहे.

आता करायचं काय ते सांगतो. वही पेन बाजूला ठेवा. कॉटन मार्केटमधून शंभरेक संत्री आणा, सीझन नसेल तर चिंचोके घ्या, आणि फरशीवर बसा.

पहिले १२ संत्री द्या न म्हणा ह्याचे आयत लाव, ओळी सारख्या पाहिजे, एकही उरलं नाही पाहिजे. ती लावेल १२ ची एक ओळ, मग ६ च्या दोन, मग ४ च्या तीन. जितक्या ओळी आणि एका ओळीत जितके नग, तेच विभाजक. १ न १२, २ न ६, ३ न ४. जोड्या-जोड्यांनीच येतात हे तिलाच दिसू द्या, आपण सांगायचं नाही. मग १३ द्या. कितीही फिरवलं तरी एकच लांब ओळ होईल, दुसरा आयत होणारच नाही. ते झालं की सांगा, हिलाच मूळ संख्या म्हणतात. आणि मग एकच संत्रं समोर ठेवा. ओळ पण एक, नग पण एक, जोडीत दोन वेगळे आकडेच नाहीत. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे, म्हणून ती मूळ पण नाही न संयुक्त पण नाही.

विभाज्य म्हटलं की करंड्या. एका करंडीत १२, दोन करंड्यांत २४, तीनात ३६, ही रांग कधी संपत नाही. विभाजक मोजून संपतात न संख्येच्या पुढे कधी जात नाहीत. दोन दिवस संत्र्याच्या न करंडीच्या भाषेत बोला, गोंधळ जाईल.

आता ९१ लावायला द्या आणि तिच्याजवळ बसून पाहा, घाई करू नका. दोन ओळी लावेल, एक उरेल. तीन ओळी, तीस-तीसच्या, एक उरेल. चारात तीन उरतील. पाचात पुन्हा एक, सहात पुन्हा एक. इथे तुमची पोरगी रोज उठून जाते, आणि उत्तर नेमकं पुढच्या ओळीत आहे. सात ओळी लावल्या की तेरा-तेरा बसतात न हातात काही उरत नाही. हे एकदा स्वतःच्या हातानी झालं की जन्मभर विसरत नाही.

वर्गमुळाचं पण इथेच दाखवून टाका. समजा ९१ च्या जागी ९७ संत्री आहेत आणि ९ ओळींपर्यंत सगळं करून झालं, जमलं नाही. आता १० ओळी लावायच्या म्हटल्या तर एका ओळीत १० पेक्षा कमीच नग येणार, कारण १०×१० म्हणजे १०० होतात न आपल्याजवळ तेवढी नाहीतच. म्हणजे तो आयत आडवा फिरवला की १० पेक्षा कमी ओळींचाच आयत आहे, आणि ते सगळे आपण आधीच लावून पाहिले. म्हणून ९ च्या पुढे, म्हणजे ९७ च्या वर्गमुळाच्या पुढे, जायची गरज नाही, ४५ तर फारच दूर राहिलं. आणि २ नी जमलं नाही तर ४, ६, ८ नी जमणारच नाही, ३ नी नाही तर ९ नी नाही. राहिले फक्त २, ३, ५, ७. शंभरच्या आतल्या कोणत्याही संख्येला हे चार आकडे पुरतात, खरं तर १२० पर्यंत पुरतात, कारण पुढचा मूळ आकडा ११ न त्याचा वर्ग १२१.

शेवटी एक गंमत, ही मी वर्गात नेहमी करायचो. तीच ९१ संत्री ठेलेवाला रचते तशी ढिगानी रचायला सांगा. खाली ६ गुणिले ६, त्याच्या खळग्यांत ५ गुणिले ५, मग ४, मग ३, मग २ न वर एक. ३६ न २५ एकसष्ट, न १६ सत्त्याहत्तर, न ९ शहाऐंशी, न ४ नव्वद, न टोकावरचं एक, एक्क्याण्णव. ढिगातली संत्री मोजायचं सूत्र आहे, थर गुणिले (थर अधिक एक) गुणिले (थराची दुप्पट अधिक एक), सगळ्याला भागिले ६. सहा थरांचं झालं ६×७×१३ भागिले ६. सहाला सहा गेले न उरले ७×१३. म्हणजे ठेल्यावरच्या ढिगातच ७ न १३ बसलेले आहेत.


मनीषनगरची_आई

गुरुजी, काय सांगू तुम्हाला. काल संध्याकाळी हॉलमधला टीपॉय सरकवून बसलो आम्ही दोघी. संत्री ६० च मिळाली, बाकी ३१ लिंबं न चिकू टाकून ९१ केले. सहा ओळी झाल्यावर ती म्हणाली "मम्मी एक उरलं, झालं, मूळ आहे", मी काही बोललेच नाही, मग तिचं तिनीच सातवी ओळ लावायला घेतली आणि शेवटचा चिकू बरोबर बसला तर दोन मिनिट नुसती पाहत राहिली. मग म्हणे "म्हणजे मी एक ओळ आधी उठत होते". ढीग पण केला, चिकूमुळे दोनदा पडला. मग एक संत्रं सोललं, त्यात ११ फोडी निघाल्या, लगेच म्हणे "ह्याचे सारखे हिस्से होणार नाहीत, ११ मूळ आहे". मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.


शॉर्टकट_भाऊ

एवढं कायले करता बाप्पा. ६ चा पाढा लिहा, प्रत्येकाच्या एक मागे न एक पुढे पाहा, ५, ७, ११, १३, १७, १९ असं सगळं मूळच येते. परीक्षेत दोन सेकंदांत होते.


हिंगण्याचा_कोडर

भाऊ, हे पोरांना असं सांगू नका, कारण ९१ म्हणजेच ९० अधिक १. तुमच्या हिशोबानी ती मूळ झाली. २५, ३५, ४९, ५५ पण तसेच. २ न ३ सोडून प्रत्येक मूळ संख्या ६ च्या विभाज्याच्या शेजारी असते हे खरं आहे, पण शेजारी बसलेली प्रत्येक संख्या मूळ असते हे खरं नाही. उलटं वाक्य वेगळं असते, आणि ह्याच जागी पोरांचे मार्क जातात.

पण तुमच्या सहामधून एक चांगली गोष्ट करता येते. चौकटीच्या वहीत १ ते १०० आकडे ६-६ च्या ओळीत लिहायला सांगा, दहाच्या नाही. मग चाळणी करायची, एराटोस्थेनिसची, म्हणजे इसवीसनाच्या आधी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा जो प्रमुख होता, ज्यानी पृथ्वीचा घेर मोजला, तोच माणूस. १ खोडा. २ ठेवून त्याचे सगळे विभाज्य खोडा, तर दुसरा, चौथा, सहावा असे पूर्ण कॉलमच उभे खोडल्या जातात. ३ नी तिसरा कॉलम पण गेला. राहिले पहिला न पाचवा. मग ५ चे खोडा, ते तिरपे पडतात. मग ७ ची पाळी येते, आणि इथे पोरीला थांबवून विचारा की ७ नी नवीन किती खोडले? बाकीचे सगळे आधीच खोडून झालेले असतात, ७ च्या वाट्याला फक्त तीन येतात, ४९, ७७ आणि ९१. त्यातला ४९ पाढ्यात आहे, ७७ दिसतोच, म्हणजे शंभरच्या आत खरंच फसवणारा आकडा एकच उरतो. २५ पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवणं सोपं आहे, सम नाही, ५ नी संपत नाही, बेरीज ३ नी जात नाही आणि ४९, ७७, ९१ पैकी नाही, तर ती मूळ. १ चं मात्र लक्षात असू द्या.

आणि ताई, मुलीला हे पण सांगा की ९१ नी कॉम्प्युटरच्या टेस्टला पण फसवलं आहे. मोठ्या संख्या मूळ आहेत का ते एकेक भाग देऊन कोणी पाहत नाही, शंभर-दोनशे अंकी संख्येला ते जन्मात होणार नाही. त्यासाठी फर्मा नावाच्या फ्रेंच गणितीनी १६४० मधे सांगितलेला एक नियम कामाला येतो. संख्या मूळ असेल तर कोणताही आकडा, म्हणजे तिचा विभाज्य नसलेला, त्या संख्येपेक्षा एकनी कमी इतक्या वेळा लिहून सगळ्यांचा गुणाकार करायचा न त्या संख्येनी भागायचं, बाकी १ च आली पाहिजे. आता ९१ ला ३ नी तपासून पाहा. ३ चा सहावा घात ७२९, आणि ९१×८ म्हणजे ७२८, बाकी १. ९० म्हणजे सहाच्या पंधरा पटी, म्हणून ३ च्या नव्वदाव्या घाताची बाकी पण १ च. टेस्ट म्हणते मूळ असू शकते, पण आहे ती संयुक्त. ३ ला अशी फसवणारी सगळ्यात लहान संख्या हीच आपली ९१. २ नी तपासलं की मात्र पकडल्या जाते, बाकी ६४ येते. म्हणून खरे प्रोग्राम एका आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत, बरेच आकडे घेऊन पाहतात.

कधीच न फसणारी आणि तरी जलद अशी रीत आहे का, हा प्रश्न खूप वर्षं अडून होता, आणि तो सोडवला आपल्या देशात. ऑगस्ट २००२ मधे आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल, नितीन सक्सेना ह्यांनी. ते दोघं पोरं तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते. २००६ मधे त्याला संगणकशास्त्रातला गोडेल पुरस्कार मिळाला. मी कॉलेजला असताना सरांनी ही गोष्ट सांगितली न तेव्हापासून मी ह्या विषयाला चिकटलो ते आजपर्यंत.

एक फरक तेवढा ध्यानात ठेवा. संख्या मूळ नाही हे समजणं एक काम आहे, तिचे विभाजक शोधून काढणं हे वेगळं काम आहे. वरच्या टेस्टनी ९१ संयुक्त आहे हे समजते पण ७ न १३ काही हातात येत नाहीत. मोठ्या संख्येत पहिलं काम आता सोपं आहे, दुसरं अजूनही महाकठीण, आणि १९७७ पासून चालत आलेली आरएसए नावाची, माहिती कुलूपबंद ठेवायची पद्धत त्याच कठीणपणावर उभी आहे.


वर्धारोडकर

आमच्याकडे हा खेळ गाडीच्या नंबर प्लेटवर चालतो म्हणून सांगतो. माझा मुलगा सातवीत आहे, सकाळी शाळेत सोडताना सिग्नलवर थांबलो की समोरच्या गाडीचा नंबर घ्यायचा. शहरातल्या गाड्यांवर एमएच ३१ न एमएच ४९, ग्रामीणवर एमएच ४०. त्यानीच एक दिवस सांगितलं की पप्पा ३१ मूळ, ४९ वर्ग आणि ४० चे तर आठ विभाजक.

मग चार अंकांवर आलो. चार अंकी नंबर जास्तीत जास्त ९९९९, वर्गमूळ शंभरच्या आत, म्हणजे ट्यूशनवाल्या सरांनी पाठ करायला लावलेल्या त्याच २५ संख्या इथे पुरतात. म्हणून ते पाठांतर अगदीच वाया नाही ताई, फक्त त्याचा उपयोग कशासाठी आहे ते आधी समजलं पाहिजे.

एकदा नंबर आला ११४७. पोरगा तोंडी करून राहिला. सम नाही, बेरीज १३, म्हणजे ३ नाही. ७ साठी आम्ही शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्यातून वजा करतो, ११४ मधून १४ गेले १००, १०० काही ७ नी जात नाही. (हे का चालते ते पण त्याला सांगितलं. दुप्पट वजा केली की दहापटीत बरोबर त्या अंकाच्या २१ पटी निघून जातात, आणि २१ तर ७ चाच आहे.) मग ११ नाही, १३ नाही, १७, १९, २३, २९ कोणीच नाही. ३४ चा वर्ग ११५६, म्हणजे फक्त ३१ तपासायचा राहिला होता, आणि तो म्हणाला "सोडा पप्पा, मूळच आहे". मी म्हटलं एकच राहिला न, करून टाक. ३१ × ३७ = ११४७. आणि त्या प्लेटवर समोरच लिहिलं होतं, एमएच ३१. त्या दिवसापासून तो शेवटचा आकडा कधी सोडत नाही.


एमएस्सी_गणित_महाल

मास्तरकाकांचं न कोडरदादांचं वाचून राहवलं नाही. विभाज्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही म्हणून तेवढं लिहिते, कारण लसावि शिकताना हेच पोरांना कंटाळवाणं होते.

अमेरिकेत सिकाडा नावाचे किडे आहेत, त्यांच्या काही जाती वर्षानुवर्षं जमिनीखाली राहतात न मग एकाच वर्षी सगळे मिळून बाहेर येतात. काहींचं चक्र १३ वर्षांचं, काहींचं १७. २०२४ मधे १३ वर्षांचा एक गट न १७ वर्षांचा एक गट एकाच वर्षी निघाले. ह्याच दोन गटांची भेट त्याच्या आधी झाली होती १८०३ मधे. २०२४ मधून १८०३ गेले २२१, आणि २२१ म्हणजे १३×१७. दोन्ही मूळ, सामाईक काहीच नाही, म्हणून लसावि म्हणजे थेट गुणाकार. चक्र १२ न १८ वर्षांचं असतं तर दर ३६ वर्षांनी भेटले असते. मूळ वर्षंच का, ह्यावर एक विचार असा मांडल्या जातो की २, ३, ४ किंवा ६ वर्षांनी वाढणाऱ्या शत्रूला १२ वर्षांचा किडा दरवेळी सापडेल, पण १३ वाला ४ वर्षांच्या शत्रूला थेट ५२ वर्षांनी भेटेल.

आणि ताई, विभाजक लिहिताना एखादा सुटतो ही पण पोरांची तक्रार असते. त्याला आधी मूळ अवयव पाडायला शिकवा. ३६० = २×२×२×३×३×५. आता विभाजकात २ किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन किंवा तीन, चार पर्याय. ३ चे तीन पर्याय, ५ चे दोन. ४×३×२, म्हणजे २४ विभाजक असलेच पाहिजे. यादी २३ ची झाली तर एक सुटला, शोधा. १ ला मूळ का धरत नाही ह्याचं मोठ्यांसाठीचं कारण पण हेच आहे, ३६० चे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, १ ला आत घेतलं तर १×१×१ कितीही लावत बसता येईल न तो नियमच मोडेल. शंभर-सव्वाशे वर्षांआधी काही गणिती १ ला मूळ धरत पण होते, नंतर ते सुटलं.

अजून एक, हे ९१ साठीच. रामानुजनची १७२९ माहीत असेलच, दोन धन संख्यांच्या घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी सगळ्यात लहान संख्या. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १७२९ भागिले १९ किती येते ते मुलीलाच करायला सांगा. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनी पूर्ण भागल्या जाते तिला आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी हर्षद संख्या नाव दिलं. त्यांच्या नावानी ओळखल्या जाणारी ६१७४ पण हर्षद आहे, बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७×७×७.


मनीषनगरची_आई

१७२९ भागिले १९ आलं ९१! ओरडलीच ती. मी तर म्हटलं ह्या संख्येनी आमचं घरच धरलं आता.

गुरुजी, तुमच्यासाठी तिचा एक प्रश्न आहे, मला उत्तर येत नाही म्हणून जसाच्या तसा लिहिते. तिनी वहीत ढिगांची यादी केली, १, ५, १४, ३०, ५५, ९१, १४०, २०४. म्हणे ह्यात ५ सोडून एकही मूळ नाही. मग विचारते की आणखी उंच ढीग लावत गेलं तर कधीतरी मूळ संख्या येईल का?


निवृत्त_मास्तर_काटोलरोड

बेटा, हा प्रश्न तू स्वतः काढला ह्याचा मला फार आनंद झाला. उत्तर आहे, कधीच नाही येणार. का ते पाहा.

सूत्र आठव. तीन आकड्यांचा गुणाकार, भागिले ६. तीन थरांसाठी ३×४×७, चार थरांसाठी ४×५×९, पाचासाठी ५×६×११. म्हणजे ढिगातल्या संत्र्यांची सहा पट म्हणजेच ह्या तीन आकड्यांचा गुणाकार. आता समज ढीग मूळ संख्येचा आहे. मूळ संख्येचे तुकडे होत नाहीत, म्हणून तिला ह्या तीन आकड्यांपैकी कोणत्यातरी एकाला पूर्ण भागावंच लागेल, अर्धी एकात न अर्धी दुसऱ्यात अशी ती लपू शकत नाही. आणि ज्याला भागायचं त्याच्यापेक्षा ती मोठी असू शकत नाही. म्हणजे ढीग त्या तीनातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा मोठा नसला पाहिजे.

तपासून पाहा. दोन थर, आकडे २, ३, ५, सगळ्यात मोठा ५ न ढीग पण ५, जमलं. तीन थर, मोठा ७ पण ढीग १४. चार थर, मोठा ९, ढीग ३०. पाच थर, मोठा ११, ढीग ५५. पुढे प्रत्येक थरानी मोठा आकडा फक्त २ नी वाढते आणि ढिगात मात्र खाली अख्खा नवा चौकोन येते, ३६, ४९, ६४. ते अंतर वाढतच जाणार, कधी भरून निघणार नाही.

आता तुला एक काम देतो. चौकोनी ढिगाऐवजी तिकोनी थरांचा ढीग कर, खाली १५, मग १०, मग ६, ३ न १. हे ३५ झाले. त्याची यादी कर आणि त्यात मूळ संख्या येते का ते पाहून मला इथेच लिही.